दोन अंगठ्यांचा कॉम्प्युटर

सांगून ठेवतो, हल्ली कुणी मला "तुम्ही डिझाइनमधले ना?" असं विचारलं, की मी सरळ "छे हो, मी हिशेबखात्यात होतो" असं सांगून मोकळा होतो. खोटं बोलायची मला हौस नाही. पण खरं सांगितलं की माणसं लगेच काहीतरी करायला सांगतात, आणि माझ्यात आता ते त्राण उरलेलं नाही.

खरं असं आहे, की भांडुपच्या एका कुकरच्या कंपनीत मी आयुष्यभर हँडलं काढली. काढली म्हणजे कागदावर काढली. माणसाची मूठ केवढी, अंगठा कुठं टेकतो, घाम आला की पकड कशी सुटते, हा माझा विषय. लोकांना वाटतं हँडलात काय असतं, एक दांडा आणि दोन स्क्रू. वाटू दे. ज्यांनी जन्मात कधी हँडलाचा विचार केला नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. अपवाद फक्त आमच्या क्षमाचा. लग्नापासून ती माझ्याच हँडलाचा कुकर वापरते आणि लग्नापासून तिचा हात भाजतोय, असं तिचं म्हणणं आहे. असो.

माझा थोरला भाऊ लवूदादा आमच्याच बिल्डिंगीत, नाहूरला, खालच्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. हे माझ्या बाबतीत झालं असतं तर बिल्डिंगीत फारसं कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण लवूदादा! हा माणूस गच्चीवरून टँकरवाल्याशी बोलायचा आणि टँकरवाला स्टेशनाजवळ असायचा.

आणि गाऱ्हाणं घालावं तर त्यानंच. आमच्या बिल्डिंगीत निम्मी माणसं कोकणातली. कुठलंही कार्य निघालं की देवापुढं नारळ ठेवायचा आणि एकानं उभं राहून मालवणीत देवाकडे मागणं मागायचं. बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. हे पाठ करून म्हणायचं नसतं, वाचून तर नसतंच. त्या घडीला पोटात असेल ते बोलायचं. लिफ्ट बसवली तेव्हा लवूदादानं, "हेच्यात कोण अडाकलो तर वाचमन जागो आसांदे रे म्हाराजा," असं मागितलं होतं आणि वॉचमननंसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं. बिल्डिंगीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाआधी गाऱ्हाणं लवूदादाचं. आता वैशाखात त्याच्या स्वतःच्या जान्हवीचं लग्न ठरलं, आणि ह्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आमचे सेक्रेटरी अंबादास मोठ्या मनानं म्हणाले, "लवूभाऊ, काळजी करू नका, मी घालतो." लवूदादानं पाटी ओढली आणि खडूचा तुकडा पडेस्तोवर दाबून लिहिलं, "माज्या चेडवाचा गाऱ्हाणा मीच घालतलंय." अंबादासना ते वाचता आलं नाही; माझ्या मुलीचं गाऱ्हाणं मीच घालणार, एवढं आम्ही त्याच्या खुणांवरून ओळखलं. लवूदादाचं अक्षर कुणालाच वाचता येत नाही, हीच तर अडचण. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं, त्यातून निघालेला आवाज ऐकून त्यानं ते कपाटात टाकलं. फोन दिला, तर त्याच्या जाड बोटांखाली काचेवर एकाच्या जागी तीन अक्षरं उमटायची, आणि पुढचं फोन आपल्या मनानं सुचवायचा. एकदा त्यानं "पाणी दे" लिहायला घेतलं आणि नलिनीवहिनींना "पाणीपट्टी भरा" असा निरोप गेला. त्या बिचारीनं ती भरली.

शेवटी वहिनीच वर आल्या. "भावजी, तुम्ही एवढी हँडलं केलीत. ह्यांना हातात धरता येईल, खरी बटणं असतील, असं काहीतरी करा ना. पोरीच्या लग्नात एवढं जमलं नाही तर हे खचतील हो."

मी नुसतं "बघतो" म्हणालो असतो तर वाचलो असतो. मी म्हणालो, "वहिनी, चिंता सोडा."

आता ह्या विषयाचं गांभीर्य ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हातात धरायचा कॉम्प्युटर, त्याला बटणं, हे बोलायला सोपं आहे. पण हात दोनच. ते धरण्यात गुंतले की बटणं दाबायची कशानं? मोकळे राहतात फक्त दोन अंगठे. म्हणजे वस्तूची रुंदी अशी हवी की दोन्ही अंगठे मधल्या बटणापर्यंत पोचतील. जास्त रुंद केली की मधली बटणं अनाथ होतात, कमी केली की अंगठे एकमेकांवर आपटतात. त्यात आपली मराठी. इंग्रजीचं सव्वीस अक्षरांत भागतं, आपल्याकडे नुसती बाराखडी मांडायची तर आडवा पाट लागेल. शिवाय झाकण वर उघडलं की त्यातल्या स्क्रीनच्या वजनानं सगळी वस्तू मागं कलंडते. मी तीन रात्री झोपलो नाही, असं सांगायला आवडलं असतं, पण मला झोप छान लागते.

आमच्या कंपनीत एक पद्धत होती. हँडल करण्याआधी लाकडाचं करायचं आणि वापरून बघायचं. मी मुलुंडच्या एका सुताराकडून खिशात मावेल असा ठोकळा करून आणला, त्यावर पेनानं बटणं काढली आणि तो सगळीकडे घेऊन फिरू लागलो. बसस्टॉपवर, बँकेत, भाजीच्या रांगेत मी तो काढायचो आणि अंगठ्यांनी टाइप करायचो. शास्त्रीय प्रयोग होता तो. पण भाजीवाली माझ्याशी एकाएकी फार प्रेमानं बोलायला लागली आणि कोथिंबीर फुकट द्यायला लागली, तेव्हा मला शंका यायला हवी होती.

एका मॉलच्या दारात सिक्युरिटीवाल्यानं ठोकळा हातात घेतला. "काका, हे काय?"

"कॉम्प्युटर."

त्यानं तो टेबलावर ठोकून पाहिला. "लाकूड आहे."

"आत्ता लाकूड आहे."

"दाबून दाखवा."

मी 'क' दाबला.

"काय झालं नाही."

"व्हायला नकोच आहे," मी म्हणालो. "मी अंगठ्याचा पल्ला बघतोय."

त्यानं साहेबाला बोलावलं. साहेबानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरचा नंबर मागितला. मी इकडे तीस वर्षांचा अनुभव सांगतोय, आणि तो फोनवर क्षमाला विचारतोय, "मॅडम, पांढरा शर्ट, हातात लाकूड, तुमचेच ना?" क्षमा म्हणाली, "हो, आमचेच. सोडा, काही करत नाहीत." माझ्या आत्मसन्मानाबद्दल इथं मी काही बोलत नाही.

ही बातमी माझ्या आधी बिल्डिंगीत पोचली आणि सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंना त्याला खिळ्यावर अडकवायला भोक पाहिजे होतं, आणि झाकण गच्च, म्हणजे आत झुरळ जाणार नाही. नलिनीवहिनींनी हळूच सांगितलं, "ह्यांना राग आला की हातातलं फेकतात. तेवढं बघा." हे मात्र कामाचं होतं, मी लिहून घेतलं. अंबादासनी सल्ला दिला नाही, नोटीस दिली. राहत्या जागेत यंत्रनिर्मितीचा उद्योग चालवण्यास सोसायटीची ना हरकत आहे काय? मी पापडसुद्धा विकत आणणाऱ्या घरातला माणूस. नोटिशीसोबतच्या अर्जात वस्तूचं माप लिहायची जागा होती, तिथं मी "अजून अंगठ्यांवर अवलंबून" असं प्रामाणिकपणे लिहिलं. अर्ज परत आला. मग जिन्यात गाठून अंबादास म्हणाले, "बघा चंदूभाऊ, तुमच्या त्या ह्याला टॉर्च बसवलात, तर कमिटी विचार करेल. जिन्यातले दिवे सारखे जातात ना." टॉर्चचा आणि जिन्याचा आणि माझ्या भावाच्या घशाचा संबंध मला आजही लागलेला नाही. पण टॉर्च बसवली.

आतला कॉम्प्युटर करायला भीमराज होता. आमच्या समोरच्या दारातला, माझा जुना दोस्त. इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तो म्हणाला, "चंद्या, तू डबा कर यार, आतलं माझ्यावर सोड. पण माप कुणाच्या हाताचं धरतोयस?"

मी हसलो. एकाच हातासाठी हँडल काढणं हे अडाण्याचं काम. मी बिल्डिंगीतल्या एकूण एक माणसाचा पंजा वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलनं काढून घेतला. काहींनी आधी हात धुतले, काहींना वाटलं मी भविष्य सांगणार आहे. सगळ्यांची सरासरी काढली. जो आदर्श हात निघाला तो बिल्डिंगीत कुणाचाच नव्हता. फक्त रत्नप्रभाबाईंचा तंतोतंत जुळला, त्यामुळे त्या आठवडाभर जिन्यात जरा ताठ चालत होत्या. लवूदादाचा पंजा तेवढा मी मुद्दाम घेतला नाही. त्याला कळू न देता, एकदम पुढ्यात ठेवायचा होता. भावाला खूश करायचं होतं हो मला, दुसरं काय?

बटणं परदेशातून मागवावी लागली आणि ती अंधेरीत एका पार्सल कचेरीत अडकली. काउंटरवरच्या बाई शांत होत्या. शांत माणसांपुढे मी फार लवकर दमतो.

"हा कशाचा सुटा भाग आहे?"

"कॉम्प्युटरचा."

"तो कॉम्प्युटर कुठं आहे?"

"तो ह्या बटणांच्या भोवती व्हायचाय."

"म्हणजे अजून नाहीच. मग सुटा भाग कसा म्हणता येईल?"

"मग पूर्ण वस्तू लिहा."

"पूर्ण वस्तू चालू करून दाखवावी लागेल."

मी नाहूरहून दोन बस बदलून आलो होतो. मी लवूदादाबद्दल सांगितलं, गाऱ्हाण्याबद्दल सांगितलं, अंगठ्यांबद्दल तर जरा जास्तच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि कागदावर 'खेळणे' असा शिक्का मारून पार्सल माझ्या हातात दिलं. वर म्हणाल्या, "नातवाला आवडेल." मला नातू नाही. मी थँक्यू म्हणून आलो.

लग्नाला थोडे दिवस उरले आणि वस्तू तयार झाली. मालाडच्या एका दुकानातून थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कवच छापून आणलं. खाली तळाला मुठीत बसेल असा गोल उभार, कडा मऊ, पाठीला घामात न निसटणारी खरबरीत नक्षी. बटणं खोल दबायची आणि दबल्याचं बोटाला समजायचं. भोक होतं. टॉर्च होती. आणि भीमराजनं आत असा बंदोबस्त केला होता की लिहिलेलं ती वस्तू मोठ्यानं बोलून दाखवायची. खरं सांगतो, हातात घेतल्यावर माझे डोळे भरून आले. असं हँडल मी कंपनीतसुद्धा काढलं नव्हतं.

आम्ही ती लवूदादापुढे ठेवली. त्यानं उलटीपालटी करून पाहिली, झाकण उघडलं, आणि टेबलावर ठेवून दोन्ही तर्जन्यांनी ठोकायला लागला.

टेबलावर! तळ गोल. वस्तू पाळण्यासारखी झुलली आणि मागं कलंडली. त्यानं पुन्हा उभी केली, पुन्हा ठोकली, पुन्हा कलंडली.

"दादा, हातात धर. हे असं. आणि अंगठ्यांनी दाब."

त्यानं हातात धरली. माझ्या आदर्श हातापेक्षा त्याचा हात दीडपट, अंगठे फणसाच्या देठासारखे. एका दाबात चार बटणं गेली. त्यानं पाटी घेतली आणि लिहिलं, आणि ह्या वेळी मात्र मला अगदी स्वच्छ वाचता आलं, "अंगठे कित्याक?"

तेवढ्यात भीमराजनं आवाज चालू केला. लवूदादानं कसाबसा लिहिलेला "बा देवा म्हाराजा" एका बाईच्या अत्यंत सुशिक्षित, सोज्वळ आवाजात खोलीत ऐकू आला. पुढचं वाक्य फलाट क्रमांकाचं असेल असं वाटलं. लवूदादानं वस्तू उचलली आणि भिंतीवर फेकली. ती फुटली नाही. वहिनींची अट आम्ही पाळली होती.

"वाट लागली," भीमराज म्हणाला. "चंद्या, अख्ख्या बिल्डिंगीचे हात मोजलेस, आणि ज्याला पाहिजे त्याचाच राहिला?"

  खालून आवाज ऐकून अंबादास आले होते, ते म्हणाले, "मग मीच घालू ना गाऱ्हाणं?" लवूदादा तोंड फिरवून खिडकीकडे बसला. त्या पाठीकडे बघून मला असं काही झालं की काय सांगू. ह्या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. आणि मी त्याला रत्नप्रभाबाईंच्या मापाचा डबा दिला.

तेव्हाच जान्हवी ऑफिसातून आली. काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं कोपऱ्यातून वस्तू उचलली, ओढणीनं पुसली, आणि बापाच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "मी धरते, बाबा. तुम्ही ठोका."

लवूदादानं दोन तर्जन्यांनी ठोकायला सुरुवात केली. वस्तू जराही हलली नाही. भीमराज माझ्या कानात म्हणाला, "डिझाइन झकास आहे रे. फक्त धरायला माणूस वेगळा लागतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी लवूदादाच्या हॉलमध्ये सगळी बिल्डिंग जमली. देवापुढं नारळ ठेवला. लवूदादा धोतर नेसून उभा, गळ्याला स्वच्छ रुमाल, आणि शेजारी हळद लागलेली जान्हवी, दोन्ही हातांत माझी वस्तू धरून. त्यानं पहिलं वाक्य ठोकलं. यंत्रातल्या बाईच्या सोज्वळ आवाजात "बा देवा म्हाराजा" आलं आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. लवूदादाचे कान लाल झाले. मी क्षमाचा हात धरला, म्हटलं आता ही वस्तू देवाच्या अंगावर जाणार.

जान्हवीनं आवाजाचं बटण बंद केलं. स्क्रीनकडे बघितलं आणि स्वतःच वाचलं, "बा देवा म्हाराजा." ह्या पोरीला मालवणी बोलायची लाज वाटायची. घरात कुणी बोललं की "शी, काय हे" म्हणायची. आता मात्र घसा खाकरून तिनं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.

"व्हय म्हाराजा!" बिल्डिंग म्हणाली.

मग लवूदादा सुटला. ठक ठक ठक ठोकायचा, आणि जान्हवी एकेक शब्द लागेल तसा वाचायची. जावयाच्या घरच्यांना सुखी ठेव. व्हय म्हाराजा. मांडवात कुणाचा रुसवाफुगवा नको. व्हय म्हाराजा. मग त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं आणि जरा जास्तच जोरात ठोकलं. जान्हवी वाचत गेली, "आणि जेनी ह्यो डबो केल्यान... तेका..." इथं ती थांबली, पण बापानं डोळे वटारले. "तेका वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इतका एकमुखी दुजोरा आमच्या सोसायटीच्या सभेत कधी ऐकलेला नाही. अंबादास दोन्ही हात वर करून ओरडले. क्षमानं तर दोनदा म्हटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत उभा राहिलो.

हसणं ओसरलं तरी लवूदादाची बोटं वस्तूवरच होती. आता तो सावकाश ठोकत होता, अक्षर शोधत होता. जान्हवी वाचायला लागली.

"माजा चेडू आता दुसऱ्या घराक जाता. तेका थंय जा काय बोलाचा आसात, ता बोलांक मिळांदे."  लवूदादा ठोकतच होता. "माजो गेलो तसो... तेचो आवाज... कदीच बंद पडाक देऊ नको रे म्हाराजा."

 वहिनींनी पदर तोंडाशी धरला. भीमराज खाली मान घालून उभा. दुजोरा देणारे सगळे गळे एकदमच बसले होते. लवूदादानं मान वर केली आणि वाट बघत राहिला. दुजोरा आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढं जात नाही. त्यानं एकेका तोंडाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला बघवेना.

मी चारचौघांत कधी ओरडत नाही. माझा आवाज मुळात बारीक, आणि त्या वेळी तर तोही फाटला होता. पण मी ओरडलो, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळी बिल्डिंग ओरडली, इतकी की खालचा वॉचमन धावत वर आला.

लवूदादानं जान्हवीच्या हातातून वस्तू काढून घेतली, मिटली आणि माझ्याकडे वळला. म्हटलं, आता फेकतो. त्यानं ती धोतराच्या कनवटीला खोचली, आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर लेकीला जवळ घेतलं.